हत्याराची कल्हई

तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याची कला आपल्याकडे घरोघरी परिचयाची होती. कल्हईवाला अंगणात भाता मांडून बसे, भांडे तापवी, नवसागराची पूड टाकी, कथलाची कांडी फिरवी आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून सारवून घेई. भांड्याच्या वजनात त्यामुळे फरक पडत नसे. पण आमटी कळकत नसे आणि पातेले पुढे वर्षानुवर्षे चाले. भार सोसणारा धातू एक आणि पदार्थाला स्पर्श करणारा धातू दुसरा, अशी ही वाटणी होती.

हीच वाटणी कारखान्यातील कापणाऱ्या हत्यारांच्या बाबतीत करावी, ही कल्पना वरवर पाहता सुचावयास सोपी वाटते. प्रत्यक्षात ती बाजारात यावयास १९६९ साल उजाडावे लागले. एवढा उशीर का लागला आणि त्या पातळशा मुलाम्याने कोणकोणत्या गोष्टींची नासाडी थांबविली, हा औद्योगिक इतिहासातील एक फारसा न सांगितला गेलेला भाग आहे.

लेथवर पोलादाचा दांडा फिरत असतो आणि हत्याराचे टोक त्याचा कीस काढीत असते. पाहणाऱ्यास वाटते की सुरीने काकडी चिरावी तसे हे काम चालले आहे. परंतु हा कीस नुसता कापला जात नाही. तो प्रचंड दाबाखाली चेपला जाऊन हत्याराच्या माथ्यावरून घासत बाहेर पडतो. त्या घर्षणाने नि चेपण्याने निर्माण होणारी उष्णता इतकी असते की वेग वाढविल्यास टोकाजवळचे तापमान हजार अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकते. साध्या पोलादाचे हत्यार त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडते. म्हणून धातू कातण्याच्या कलेचा सारा इतिहास हा उष्णतेशी चाललेल्या झगड्याचा इतिहास होय.

या झगड्यातील पहिली मोठी खेळी इंग्लंडमधील रॉबर्ट मशेट याने १८६८ साली केली. त्याने पोलादात टंगस्टन मिसळले. दुसरी खेळी अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याची. १८८० नंतरच्या काही वर्षांत मिडव्हेल येथील पोलादाच्या कारखान्यात त्याला असे आढळले की हत्याराच्या टोकावर पाण्याची जोरदार धार सोडली तर कापण्याचा वेग तीस ते चाळीस टक्क्यांनी वाढविता येतो. गंज चढू नये म्हणून त्या पाण्यात सोडा विरघळविलेला असे. पुढे १८९८ च्या सुमारास बेथलेहेम कंपनीत त्याने मॉन्सेल व्हाइट या सहकाऱ्याबरोबर शीघ्रगती पोलादाची प्रक्रिया शोधून काढली. हेच आपल्या कारखान्यांतील ‘हायस्पीड स्टील’. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लालबुंद झालेले हत्यार तशाच अवस्थेत पोलाद कापीत आहे, हा देखावा पाहून युरोपातील यंत्रज्ञ थक्क झाले. सव्वीस वर्षे चाललेल्या या प्रयोगांत आठ लक्ष पौंड लोखंड-पोलादाचा कीस झाला, असे टेलरने १९०६ च्या आपल्या अध्यक्षीय निबंधात नमूद केले आहे.

टेलरचे नाव पुढे कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा म्हणून अधिक गाजले. तथापि त्याची पाण्याची धार हीच जगातील प्रत्येक कारखान्यात शिरलेली गोष्ट ठरली. पाण्यात तेल मिसळून तयार होणारे ते दुधाळ द्रावण, ज्याला आपले कामगार ‘कूलंट’ म्हणतात, ते यंत्रशाळेच्या वासाचाच एक भाग होऊन बसले. हत्यार थंड ठेवावयाचे तर धार सोडावयाची, याविषयी पाऊण शतक कोणी शंका घेतली नाही.

त्या धारेची किंमत मात्र कोणाला तरी मोजावी लागत होती. खनिज तेलाने सदैव भिजलेल्या कपड्यांत काम करणाऱ्यांना त्वचेचे विकार जडतात, हे जुनेच निरीक्षण होते. इंग्लंडच्या लँकेशायरमधील सूतगिरण्यांत चात्यांच्या तेलाने अंग माखणाऱ्या कामगारांना वृषणाच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे १९२२ मध्ये मँचेस्टरच्या वैद्यांनी दाखवून दिले. १९५० नंतर बर्मिंगहॅम परिसरातील स्वयंचलित लेथवर काम करणाऱ्यांतही तोच रोग आढळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ साली, पुरेशी शुद्ध न केलेली खनिज तेले माणसास कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला. तेले पुढे अधिक शुद्ध झाली. पण पाणी व तेल यांच्या मिश्रणात जंतू वाढतात, त्यांना मारण्यासाठी औषधे घालावी लागतात आणि वेगाने फिरणाऱ्या कामावर आपटून या साऱ्याचे तुषार श्वासावाटे फुप्फुसात जातात, ही अडचण राहिलीच. १९९८ मध्ये अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने हवेतील या तुषारांसाठी एका घनमीटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतली मर्यादा सुचविली. शिवाय वापरून संपलेले कूलंट कोठे ओतावयाचे, हा प्रश्न वेगळाच. नाल्यात सोडलेले ते पांढरट पाणी कोठल्याही जुन्या औद्योगिक वसाहतीजवळच्या रहिवाशांना ओळखीचे आहे.

इकडे हत्याराच्या धातूत तिसरा बदल घडत होता, तोही एका अनपेक्षित दिशेने. विजेच्या दिव्यातील टंगस्टनची तार ओढण्यासाठी हिऱ्याची छिद्रे वापरावी लागत आणि हिरे महाग. त्यांना पर्याय शोधताना जर्मनीच्या ओस्राम कंपनीतील कार्ल श्रोटर याने टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टच्या साहाय्याने तापवून सांधली आणि १९२३ मध्ये तिचे पेटंट घेतले. क्रुप कंपनीने तो हक्क विकत घेऊन या द्रव्याला ‘विडिया’ असे नाव दिले. जर्मन भाषेतील ‘हिऱ्यासारखे’ या शब्दांचाच तो संक्षेप होय. १९२७ च्या लाइपझिग जत्रेत ते लोकांपुढे आले. आपल्याकडील टर्नर अजूनही कार्बाइडच्या कोणत्याही तुकड्याला ‘विडिया’च म्हणतो.

कार्बाइडने वेग कित्येक पटींनी वाढला, पण त्याबरोबर उद्योगाची नाडी टंगस्टनच्या हाती गेली. हा धातू पृथ्वीच्या पाठीवर मोजक्याच ठिकाणी सापडतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीस पोर्तुगाल व स्पेन यांच्याकडील वुल्फ्रॅमवर अवलंबून राहावे लागले; त्या तुटवड्यापायी रणगाडे भेदणाऱ्या टंगस्टनच्या गोळ्या आवरत्या घेऊन तो धातू हत्यारांसाठी राखून ठेवणे भाग पडले. जून १९४४ मध्ये दोस्तांच्या दडपणाखाली सालाझारने वुल्फ्रॅमची निर्यात बंद केली, तेव्हा जर्मन युद्धयंत्रणेचा एक मोठा आधार तुटला. कापण्याच्या टोकावरच्या मूठभर धातूला एवढे राजकीय वजन होते.

आणि तोच धातू पोलाद कापताना विलक्षण वेगाने झिजे. या झिजेची रीत चमत्कारिक होती. टोक बोथट होण्याआधीच त्याच्या माथ्यावर, कीस जेथून घासत जातो तेथे, एक खळगा पडे; खळगा खोल झाला की कडा ढासळे. हा खळगा नुसत्या घासण्याचा नव्हता. तापलेले पोलाद कार्बाइडला अक्षरशः विरघळवीत असे. साखरेच्या खड्यावरून गरम पाणी वाहावे आणि खड्याला खाच पडावी, त्यातलाच हा प्रकार. टायटॅनियमचे कार्बाइड तसे विरघळत नाही, हे लक्षात आल्यावर १९३० नंतर ते हत्याराच्या मिश्रणातच घालू लागले. झीज कमी झाली, पण हत्यार ठिसूळ झाले. जे द्रव्य माथ्यावर हवे होते ते साऱ्या अंगभर घातल्याचा हा परिणाम.

मग ते फक्त माथ्यावरच का लावू नये? येथे कल्हईची कल्पना पुढे येते. तिचे तंत्र १९५० च्या दशकात जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे आणि पुढे स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलच्या घड्याळ-संशोधन शाळेत आकारास आले. घड्याळाचे बारीक भाग झिजू नयेत, ही तेथील चिंता होती. रीत अशी: बंद भट्टीत वस्तू रचून त्या सुमारे हजार अंशांपर्यंत तापवावयाच्या आणि त्यांवरून हायड्रोजन, मिथेन व टायटॅनियम टेट्राक्लोराइड यांचे मिश्रण वाहू द्यावयाचे. वायूतील टायटॅनियम व कार्बन वस्तूच्या पृष्ठावर एकत्र येतात आणि तेथेच टायटॅनियम कार्बाइडचा थर धरतो. १९६९ मध्ये स्वीडनच्या सँडविक कंपनीने असा लेप दिलेले कार्बाइडचे तुकडे विक्रीस काढले. जर्मन कारखानेही त्याच सुमारास त्याच वाटेवर होते. थराची जाडी पाच मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्याची कल्पना यावी. एवढ्याशा थराने हत्याराचे आयुष्य कित्येकदा दुपटी-तिपटीने वाढले.

उशीर का लागला, याचे एक उत्तर तंत्राच्या अवघडपणात आहे. दुसरे उत्तर वापराच्या सवयीत आहे आणि तेच अधिक उद्बोधक वाटते. जुन्या काळी कार्बाइडचा तुकडा पोलादी दांड्यावर पितळेने डाखलेला असे. धार गेली की टर्नर तो सहाणेवर धरी आणि पुन्हा वापरी. अशा हत्याराला लेप देऊन काय उपयोग? पहिल्याच घासणीत तो निघून जावयाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर स्क्रूने अगर पकडीने बसविण्याचे सुटे तुकडे, म्हणजे ‘इन्सर्ट’, प्रचारात आले. एक कोपरा झिजला की तुकडा फिरवावयाचा, सारे कोपरे संपले की टाकून द्यावयाचा. धार लावण्याची पद्धतच मोडली आणि म्हणून लेपाला जागा मिळाली. टाकून देण्याच्या सवयीतून काटकसरीचे साधन जन्मास आले, असा हा उफराटा योग आहे. त्याचे ऋण पुढे फेडावे लागणारच होते.

१९७५ च्या सुमारास टायटॅनियमच्या थरावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दुसरा थर चढू लागला. हे द्रव्य म्हणजे आपले कुरुंदच. ज्या दगडाच्या सहाणेवर आपले शिकलगार शतकानुशतके सुऱ्याकात्र्यांना धार लावीत आले, ज्याचे इंग्रजी नावही भारतीय भाषांतूनच गेले, तेच द्रव्य आता हत्याराच्या अंगावर वायूतून उतरविले जाऊ लागले. कुरुंद तापल्यावरही पोलादाशी संयोग पावत नाही आणि उष्णता आत जाऊ देण्यास नाखूश असते. त्यामुळे बरीचशी उष्णता किसाबरोबर निघून जाते.

हजार अंशांची ही भट्टी कार्बाइडला मानवते. हायस्पीड स्टीलच्या ड्रिलला मानवत नाही. ते पोलाद साडेपाचशे अंशांच्या वर आपले पाणी गमावते. त्यासाठी दुसरी रीत उपयोगी पडली. निर्वात पात्रात टायटॅनियमचा ठोकळा विजेच्या ज्योतीने वाफाळवावयाचा, पात्रात थोडा नायट्रोजन सोडावयाचा आणि ऋण भार दिलेल्या हत्यारांवर टायटॅनियम नायट्राइड बसू द्यावयाचे. हे सारे पाचशे अंशांच्या आतच. लिख्टेनस्टाइनमधील बाल्झर्स या गावच्या कंपनीने १९८० च्या सुमारास ही सेवा बाजारात आणली आणि सोनेरी रंगाची ड्रिल दिसू लागली. तो रंग शोभेचा नसून त्या नायट्राइडचा स्वाभाविक रंग आहे. पुढे सोनेरी रंगाला एवढी प्रतिष्ठा आली की ग्राहक रंग पाहून ड्रिल निवडू लागले, हेही खरे.

या सोनेरी थराला सुमारे सहाशे अंशांवर हवा लागते आणि तो जळू लागतो. म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यात ॲल्युमिनियम मिसळण्यात आले. तापताच पृष्ठावर कुरुंदाचे अतिसूक्ष्म आवरण आपोआप तयार होते आणि ते खालच्या थराला हवेपासून वाचविते. आठशे अंशांपर्यंत हा जांभळट काळा थर टिकू लागला आणि येथे कथेला खरे वळण लागले. हत्यार उष्णतेलाच पुरून उरत असेल, तर टेलरच्या धारेची गरज उरली काय?

हा प्रश्न जर्मनांनी हिशेबाच्या वहीतून विचारला. १९९० च्या दशकात तेथील मोटार उद्योगात पाहणी झाली. कूलंटची खरेदी, गाळणी, पंप, देखभाल व विल्हेवाट हे सर्व धरता त्याचा खर्च उत्पादनखर्चाच्या सात ते सतरा टक्के निघाला. स्वतः हत्यारांचा खर्च होता दोन ते चार टक्के. आखेन येथील क्लोके व आयझेनब्लेटर यांनी १९९७ च्या आपल्या निबंधात हे आकडे मांडले आणि कोरड्या कापणीच्या संशोधनाला त्यांनी मोठे बळ दिले. हत्यार वाचविण्यासाठी सोडलेली धार हत्याराहून कैकपट महाग पडत होती! बिडाचे काम आणि पोलादाचे बरेचसे मिलिंग लेप दिलेल्या हत्यारांनी कोरडेच होऊ लागले. मिलिंगमध्ये तर धार अपायच करते. दाता कामातून बाहेर आला की गार पाण्याचा सपकारा बसतो, पुन्हा आत शिरला की तापतो, आणि या तापण्यानिवण्याने कार्बाइडला तडे जातात. जेथे संपूर्ण कोरडे काम जमत नाही तेथे हवेच्या झोतात तासाला जेमतेम पन्नास ते शंभर मिलिलिटर तेलाचा फवारा पुरतो. एरवी त्याच ठिकाणी पंप तासाला शेकडो लिटर द्रावण फिरवीत असे.

पंपाचा हा उल्लेख सहज केलेला नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील संशोधकांनी २००६ मध्ये मोटार उद्योगातील एका यंत्रमालिकेच्या विजेचा हिशेब मांडला. प्रत्यक्ष धातू कापण्यास लागणारी वीज जास्तीत जास्त पंधरा टक्क्यांच्या घरात निघाली. उरलेली पंप, पंखे, तेलदाब, नियंत्रणे अशा, यंत्र नुसते चालू ठेवण्याच्या कामी जात होती. तेव्हा लेपामुळे काम लवकर उरकले की यंत्र तितका वेळ कमी फिरते, आणि पंप बंद राहिला तर बचत आणखी. लेपाचा खरा लाभ हत्याराच्या आयुष्यापेक्षा या बाजूस अधिक आहे. विक्रेते मात्र अजूनही आयुष्याच्याच गोष्टी मोठ्या आवाजात सांगतात.

तरीसुद्धा लेप म्हणजे परीस नव्हे. ॲल्युमिनियम चिकट असल्याने कोरडे कापताना हत्याराला डसून बसते. टायटॅनियम व निकेलच्या मिश्रधातूंत उष्णता किसाबरोबर जात नाही, ती टोकातच साठते. खोल छिद्रातील कीस बाहेर काढावयास द्रवाची धारच लागते. या कामांतून कूलंट हटलेले नाही. लेप देण्याच्या क्रियेलाही तिचे स्वतःचे उच्छिष्ट आहे. टेट्राक्लोराइडच्या भट्टीतून हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर पडते, ते निष्प्रभ करावे लागते. निर्वात भट्टी तासन्‌तास वीज खाते. आणि सारेच मुलामे निर्मळ असतात असेही नाही. साचे व हत्यारे यांवर चढणाऱ्या कठीण क्रोमसाठी जे षट्‌संयुजी क्रोमियमचे द्रावण वापरतात ते कर्करोगकारक असल्याने युरोपात सप्टेंबर २०१७ पासून विशेष परवानगीवाचून त्यास मनाई आहे. तेथे निर्वात पात्रातले लेप पर्याय म्हणून पुढे येत आहेत.

मोठे ऋण मात्र त्या टाकून दिलेल्या इन्सर्टचे. पाच मायक्रॉन झिजले आणि उरलेला सारा तुकडा, टंगस्टन व कोबाल्टसह, जसाच्या तसा भंगारात गेला, तर लेपाने वाचविलेले एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने फेकल्यासारखे होते. यावर तोड म्हणजे वितळलेल्या जस्ताची. सुमारे नऊशे अंशांवरील जस्त कोबाल्टमध्ये शिरते, तुकडा फुगून भुसभुशीत होतो. मग निर्वातात जस्त वाफेच्या रूपाने काढून घेतले की कार्बाइडची पूड पुन्हा वापरण्याजोगी मिळते. दुसरी रासायनिक रीत टंगस्टन मूळ क्षाररूपात परत देते. जगाच्या टंगस्टन पुरवठ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग आज अशा भंगारातून येतो. खाणीतून निघणाऱ्या टंगस्टनपैकी चार-पंचमांशाच्या आसपास एकट्या चीनचे आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर नियंत्रणे घातली. १९४४ मधील लिस्बनची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

भारताची स्थिती या बाबतीत अधिकच नाजूक आहे. राजस्थानातील देगाना येथे पहिल्या महायुद्धाच्या काळापासून वुल्फ्रॅम निघे. ती खाण १९९० च्या दशकात बंद पडली. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात टंगस्टनचे साठे आढळले आहेत, पण ते खनिज हलक्या प्रतीचे. गरज भागते ती आयातीवर. कापणारी हत्यारे मात्र येथे भरपूर बनतात. सँडविकने पुण्यात आपली शाखा १९६० मध्येच उभारली, आणि हैदराबादजवळ बाळापूर येथील चूर्णधातुशास्त्र व नवद्रव्ये यांच्या संशोधन केंद्रात हत्यारांवरील सूक्ष्म थरांचे काम चालते.

बेळगावच्या उद्यमबागेत, बडोद्याच्या मकरपुऱ्यात किंवा इंदूरजवळच्या पिथमपुरात दोन-चार यंत्रे घेऊन बसलेल्या लघुउद्योजकाला या साऱ्याचा उपयोग कितपत, असा प्रश्न उरतो. लेप दिलेले ड्रिल त्याला महाग वाटते. ते एकदा बोथट झाले की तो त्याला सहाणेवर धार लावतो आणि टोकावरचा लेप निघून जातो. चरातला लेप शिल्लक राहतो, म्हणून ते साध्या ड्रिलपेक्षा अधिक चालते, पण नव्याइतके नाही. मोठे कारखाने अशी ड्रिल धार लावून पुन्हा लेपासाठी पाठवितात, तसे लेप देणारी केंद्रे पुण्यासारख्या शहरांत आहेत. लहान कारखानदाराला दहा ड्रिलांसाठी हा खटाटोप परवडत नाही. पाच-पन्नास जणांनी मिळून पाठविल्यास परवडेल. भंगाराचेही तसेच आहे. कार्बाइडच्या झिजलेल्या तुकड्यांना वजनावर चांगला भाव मिळतो आणि हत्यारांचे काही उत्पादक ते स्वतः परत घेतात. परंतु त्यासाठी ते तुकडे वेगळ्या डब्यात साठविलेले असावे लागतात. लोखंडाच्या किसाच्या ढिगात एकदा मिसळले की ते भंगारवाल्याकडून थेट पोलादाच्या भट्टीत जातात आणि त्यांतले टंगस्टन पुन्हा हाती लागत नाही.